कल्पना उकिडवे आणि सहावं प्रकरण

सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी कल्पना उकिडवे अल् खुवैरमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कानाला हेडफोन लावून एकच फ्रेंच वाक्य चौथ्यांदा ऐकत होत्या. फेब्रुवारीतला सोमवार होता. खिडकी उघडी होती, कारण मस्कतमध्ये खिडकी उघडी ठेवण्याचे तेवढेच तीन महिने. टेबलावर लॅपटॉप, त्याच्या डावीकडे निवत ठेवलेली भेंडीची भाजी, उजवीकडे लाल शाईचं पेन.

वाक्य असं होतं : ‘त्या हिवाळ्यात, रेल्वेच्या कलमावर, माझ्या पक्षातला मी एकटा उठलो आणि विरोधात मत दिलं.’ आवाज चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा. मध्ये एकदा खोकला, एकदा बशीवर चमचा ठेवल्याचा आवाज. शब्द सगळे स्पष्ट ऐकू येत होते. कल्पनाताई अडल्या होत्या त्या ‘त्या हिवाळ्यात’पाशी. कुठला हिवाळा ते कुठेच नव्हतं.

“आज डब्यात काय?” धनंजय उकिडवे दाढी करता करता बाहेर आले.

“हिवाळा.”

“काय?”

“भेंडी. साबण पुसा कानाचा.”

धनंजय एका अभियांत्रिकी कंपनीत आहेत. कंपनीचं वर्कशॉप गाल्याच्या औद्योगिक भागात. येत्या जुलैत ते साठ पूर्ण करतील, व्हिसा संपेल आणि उकिडवे कुटुंब पुण्याला परत जाईल. सत्तावीस वर्षांचा संसार कोणत्या खोक्यांत भरायचा याची यादी धनंजयनी फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. कल्पनाताईंनी त्या यादीकडे अजून नीट पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काम होतं. एका फ्रेंच माजी खासदाराचं आत्मचरित्र.

खासदाराचं नाव ह्यूबेर तारदिवेल. मध्य फ्रान्समधल्या एका डोंगराळ गावात पिढीजात नोटरी. चोवीस वर्षं त्या गावाचे महापौर. परंपरावादी पक्षातर्फे १९७८ मध्ये पहिल्यांदा संसदेत, १९८१ च्या डाव्या लाटेत पराभव, १९८६ मध्ये पुन्हा विजय आणि १९९७ पर्यंत सलग खासदार. मंत्री कधीच झाले नाहीत. रविवारी दुकानं उघडी ठेवायला त्यांचा विरोध होता, गावोगावच्या छोट्या शाळा एकत्र करायला विरोध होता, शुद्धलेखनाचे नियम सोपे करायला तर कडाडून विरोध होता. “मी बदलाच्या विरुद्ध नव्हतो,” ते सांगत. “घाईच्या विरुद्ध होतो.” पत्नी गेल्यावर त्यांची मुलगी क्लेर त्यांना आपल्याकडे मस्कतला घेऊन आली. ती इथल्या एका जहाज कंपनीच्या कार्यालयात वरच्या पदावर आहे. आधी ते फक्त थंडीपुरते येत. मग मांडीचं हाड मोडलं आणि मुक्काम कायमचा झाला. मदिनात काबूसमधल्या तिच्या बंगल्यात ते रोज सकाळी टाय बांधून नाश्त्याला बसतात.

सप्टेंबरात त्यांना पंच्याऐंशी पूर्ण होणार होती. त्या दिवशी गावात पुस्तक प्रकाशित करायचं ठरलं होतं. प्रती तीनशे. जागा म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन. गाडी बंद झाल्यावर गावाने त्याचं सभागृह केलं होतं.

क्लेरला असं कुणीतरी हवं होतं, की जे वडिलांचं बोलणं ऐकून शुद्ध फ्रेंचमध्ये उतरवून देईल आणि घाबरणार नाही. ओळखीतून कल्पनाताईंचं नाव निघालं. पहिल्या दिवशी तारदिवेलनी त्यांना समोर बसवलं, कागद दिला आणि शाळेतल्यासारखं श्रुतलेखन घातलं. पंधरा ओळी. तपासल्यावर कल्पनाताईंची एक चूक निघाली. कल्पनाताईंनी ती मान्य केली आणि अकराव्या ओळीत तारदिवेलनी स्वतः एक शब्द गाळून वाचला होता, तेही सांगितलं. म्हाताऱ्याने मूळ पुस्तक उघडून बघितलं. मग म्हणाले, “रविवारपासून. नऊ वाजता.”

कल्पनाताईंचं फ्रेंच चिंचवडचं. वडील तिथल्या इंजिनांच्या कारखान्यात होते. कारखान्याचा फ्रेंच कंपनीशी करार झाला तेव्हा यंत्रांबरोबर मॅन्युअल्सही आली, आणि ती वाचता येईना म्हणून वडिलांनी नववीतल्या मुलीला फ्रेंचच्या क्लासला घातलं. मुलगी पिस्टन आणि झडपा फ्रेंचमध्ये आधी शिकली, ‘नमस्कार’ नंतर. पुढे एम. ए., लग्न, मस्कत. इथल्या एका भारतीय शाळेत एकोणीस वर्षं त्यांनी सहावी ते नववीला फ्रेंच शिकवलं. एकोणीस वर्षं म्हणजे ‘माझं नाव अमुक, मला एक भाऊ आहे, आमचं मांजर काळं आहे’. शाळेने तिसऱ्या भाषेचे तास कमी केले तेव्हा त्या घरी बसल्या. आपल्याजवळ जेवढं फ्रेंच आहे तेवढं सगळं कुणाला लागेल, असं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. पुण्याला गेल्यावर दुसरं मिळेल अशी आशा नव्हती. मुलगी इरा बारावीला, तिला हे कळत होतं. “आईचा बॉयफ्रेंड एटी-फोर आहे,” असं ती मैत्रिणींना सांगे.

कामाची पद्धत ठरून गेली होती. रविवार ते गुरुवार दीड तास तारदिवेल बोलत, कल्पनाताई रेकॉर्ड करत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून उतरवून काढत. खासदारसाहेब पडद्यावर वाचत नसत. मग मोठ्या अक्षरातल्या दोन-दोन प्रती गाल्यात धनंजयच्या वर्कशॉपशेजारच्या दुकानात छापल्या जात आणि धनंजय त्या संध्याकाळी घरी आणत. “मी इंजिनिअर आहे की फ्रेंच पोस्टमन?” ते विचारत. पण आणत.

त्या सोमवारी धनंजय गेल्यावर कल्पनाताई हिवाळा शोधायला बसल्या. फ्रेंच संसदेचं जुनं कामकाज स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवलेलं आहे. कोण काय बोललं, कुठे हशा झाला, कुठे बाकं वाजली, सगळं आहे. नावनिशीवार मतदान झालं असेल तर शेवटी याद्याही आहेत. दीड तासात त्यांना १९८० चा नोव्हेंबर सापडला. एका विधेयकातलं कलम होतं. ज्या ग्रामीण रेल्वेमार्गांवर प्रवासी कमी, त्यांची सरकारी मदत थांबवावी. मतदान एका बुधवारी रात्री झालं होतं आणि कलम नऊ मतांनी मंजूर झालं होतं. तारीख मिळाली. खरं तर इथे काम संपलं होतं. पण हातात यादी आली आहे तर नाव पाहून घेऊ, म्हणून त्यांनी ‘विरोधात’ या मथळ्याखाली टी अक्षर काढलं. तारदिवेल नाव तिथे नव्हतं.

ते ‘बाजूने’ या मथळ्याखाली होतं.

त्यांनी पान मोठं करून पाहिलं. त्या आडनावाचा दुसरा खासदार आहे का पाहिलं. नव्हता. मग त्यांनी चहा केला, प्यायल्या आणि तिसऱ्यांदा पाहिलं.

यानंतर त्यांच्या हातून जे झालं ते शिक्षकाच्याच हातून होऊ शकतं. मंगळवारी छापील प्रती घरी आल्या तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे त्यांतली एक लाल पेन घेऊन वाचली. त्या वाक्याखाली रेघ ओढली. समासात फ्रेंचमध्ये लिहिलं, ‘तपासा. छापील नोंद उलट सांगते.’ आणि पानाच्या तळाशी ‘पाहिले’ असं लिहून तारखेसह आद्याक्षरं टाकली, नववीच्या वह्यांवर टाकत तशी. ही प्रत आपल्याजवळ ठेवून स्वच्छ प्रत साहेबांना द्यायची आणि विषय सावकाश तोंडी काढायचा, असं त्यांच्या मनात होतं. बुधवारी सकाळी पिशवीतून लाल रेघांची प्रत गेली. स्वच्छ प्रत फ्रिजवरच्या यादीखाली राहिली.

गुरुवारी सकाळी आठला सिराजचा फोन आला. सिराज हैदराबादचा. बंगल्यातला स्वयंपाक, बाग आणि मोठ्या साहेबांची चालायची काठी हे तिन्ही त्याच्याकडे.

“मॅडम, आज मत आना. बड़े साहब का मूड एकदम खलास है.”

“का? तब्येत?”

“तबियत ठीक है. कल रात को चार मेहमान थे ना. साहब बोले, नया चॅप्टर सुनाता हूँ. मस्त पढ़ रहे थे. पढ़ते पढ़ते ब्रेक लग गया. कागज मोड के जेब में. फिर सूप भी नहीं पिया.”

“कोणत्या पानावर?”

“मॅडम, मेरे को फ्रेंच कहाँ आती है. लेकिन लाल-लाल कुछ था.”

कल्पनाताई उठून फ्रिजपाशी गेल्या. स्वच्छ प्रत तिथेच होती.

त्या रात्री जेवताना घरात सुनावणी झाली.

“रेड पेन?” इरा म्हणाली. “आई, सीरियसली? ही वॉज अ‍ॅन एमपी.”

“मराठीत.”

“तो... ते खासदार होते. तू त्यांना मार्क्स पण दिलेस?”

“मार्क्स नाही दिले.”

“थँक गॉड.”

“अगं, पुस्तक त्याचं,” धनंजय म्हणाले. “मत त्याचं. रेल्वे त्याची. गावही त्याचंच. तुझं काय जातं?”

“उतरवणारा हात माझा आहे.”

“टायपिस्टच्या हाताला कोण विचारतं?”

“मी टायपिस्ट नाही.” हे जरा मोठ्याने झालं. इराने वरण स्वतःच वाढून घेतलं. कल्पनाताई आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्या गावात एक जरी माणूस माझ्यासारखा रिकामा असला ना, तर त्याला ही यादी दीड तासात सापडेल. मग पुस्तकातली बाकीची सगळी पानं पण खोटीच ठरतील. आणि आतापर्यंतची खरी आहेत, मी तपासलीत.”

“हे त्यांना सांग.”

“बोलावलं तर सांगीन.”

बोलावणं येणार की नाही याची खात्री नव्हती. सहावं प्रकरण त्या वाक्यासकट छापलं जाणार का, आणि जाणार असेल तर कल्पनाताई ते उतरवून देणार का, एवढे दोनच प्रश्न होते. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं. पण ते दिलं की काम जाणार, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं. शुक्रवारी त्यांनी घर झाडलं. मग लॅपटॉप उघडून त्या बुधवारनंतरचे संसदेचे अंक एकेक करून पाहायला घेतले.

शनिवारी दुपारी क्लेर स्वतः अल् खुवैरला आली. पार्किंगसाठी तीन फेऱ्या मारून, घामेजून. पन्नाशीची, उंच, वडिलांसारखीच ताठ. कल्पनाताईंनी थालीपीठ लावलं होतं. ते तिने लोणी माखून खाल्लं आणि मगच विषय काढला.

“तुमचं म्हणणं बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी पण ती यादी पाहिली. पण मादाम, बाबांच्या आयुष्यात शौर्याची गोष्ट ही एकच आहे. मी लहानपणापासून ऐकत आले. बाकी सगळं म्हणजे सांडपाणी, शाळांची छपरं आणि दुधाचे भाव.”

“सांडपाण्याचं प्रकरण चांगलं झालंय,” कल्पनाताई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

“मी एक उपाय काढलाय. वाक्य गाळूया. सगळी रेल्वेच गाळूया. म्हणजे खोटंही नाही आणि खरंही नाही.”

“प्रकाशन कुठे आहे?”

“जुन्या स्टेशनात.”

“म्हणजे लोक स्टेशनात बसून पुस्तक चाळणार आणि त्यांना रेल्वे सापडणार नाही.”

क्लेर हसायचं नाही असं ठरवून हसली. मग गंभीर झाली. “ते हट्ट धरतील. ते म्हणतात, मी मत दिलं, मला आठवतं. समजा त्यांनी तेच वाक्य पुन्हा दिलं, तर?”

“तर ते दुसऱ्या कुणाकडून उतरवून घ्या. मला राग नाही यायचा. पण माझ्याकडून व्हायचं नाही ते.”

खालच्या रस्त्यावर मंत्रालयांच्या बाजूने गाड्या जात होत्या. जाताना क्लेरने उरलेली दोन थालीपीठं मागून घेतली. बाबांना आवडतात म्हणाली.

सोमवारी सकाळी आठला सिराजचा फोन आला. “मॅडम, बुला रहे हैं. टाय लाल वाला पहने हैं. मेरे को तो डर लग रहा है.”

कल्पनाताई नऊला पाच मिनिटं कमी असताना बंगल्यावर पोचल्या. तारदिवेल नेहमीच्या खुर्चीत बसले होते. समोर ते पान होतं. ते घडी उलगडून, सपाट करून ठेवलं होतं.

“१९५८ साली शाळा सुटल्यावर,” ते म्हणाले, “माझ्या मजकुरावर कुणी लाल रेघ मारली नव्हती.”

“चूक माझी आहे, मस्यू. पेन्सिलीने लिहायला हवं होतं.”

“आणि मजकूर?”

“मजकूर तोच.”

म्हाताऱ्याने पानाकडे पाहिलं. “तुम्ही यादी बघायला गेलात कशाला? मी तुम्हाला यादी बघायला सांगितलं होतं?”

“तुम्ही ‘त्या हिवाळ्यात’ म्हणालात. मला तारीख हवी होती.”

“फक्त तारखेसाठी?”

“तारखेशिवाय हिवाळा कसा लिहिणार?”

नोटरीच्या घराण्यातल्या माणसाला हे पटलं असावं. त्यांनी टेबलावरची कपाटाची चावी उचलली, कल्पनाताईंच्या बाजूला ठेवली आणि समजावून सांगायला सुरुवात केली. सभागृहात प्रत्येक खासदाराच्या बाकावर मतदानाची एक छोटी पेटी असे. तिला चावी. चावी फिरवायची, बटण दाबायचं, मत नोंदलं जायचं. नियमाप्रमाणे ज्याचं मत त्यानेच द्यायचं, राज्यघटनेतच तसं लिहिलेलं. पण रात्रीच्या बैठकीला सभागृहात जेमतेम तीस-चाळीस माणसं असायची. ती बाकांमधून फिरायची आणि गैरहजर सोबत्यांच्या चाव्या फिरवत जायची. डाव्यांचे डावे, उजव्यांचे उजवे. सगळ्यांना माहीत होतं. १९९३ साली अध्यक्षांनी ते बंद केलं, तोवर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“प्रॉक्सी!” कल्पनाताई म्हणाल्या.

“पार्दों?”

कल्पनाताईंनी सांगितलं. पुण्याच्या कॉलेजात त्यांची मैत्रीण अर्थशास्त्राच्या तासाला सकाळी सातला कधीच उठत नसे. हजेरीत तिचा नंबर आला की कल्पनाताई खाली मान घालून, आवाज बदलून ‘प्रेझेंट सर’ म्हणत. पूर्ण एक सत्र. एकदा मैत्रीण चुकून खरंच आली आणि दोघी एकदम बोलल्या.

तारदिवेल आधी नुसते पाहत राहिले. मग हसू लागले आणि हसता हसता खोकला आला. सिराज पाणी घेऊन धावत आला, दोघांकडे आळीपाळीने पाहून परत गेला.

“म्हणजे तुम्हीसुद्धा,” ते म्हणाले.

“मीसुद्धा. पण मी आत्मचरित्रात अर्थशास्त्राची आवड लिहिलेली नाही.”

ते थांबले. मग त्यांनी विचारलं, “त्या बुधवारी रात्री मी कुठे होतो, हे नाही विचारलंत.”

“कुठे होतात?”

“स्टेशनात. फलाटावर. दोनशे माणसं जमली होती, बायका, शाळेची पोरं, पाद्री. मी एका बाकड्यावर उभा राहून सांगत होतो, शुक्रवारी मतदान आहे, आणि तुमचा खासदार पक्षाविरुद्ध मत देणार आहे. टाळ्या पडत होत्या. आणि तिकडे पॅरिसला त्यांनी शुक्रवारचं मतदान बुधवारीच उरकलं. माझ्या बाकावरच्या शेजाऱ्याने माझी चावी फिरवली. त्याला वाटलं, माझ्यावर उपकार करतोय.”



“दुसऱ्या दिवशी दुरुस्ती नोंदवता आली असती,” कल्पनाताई म्हणाल्या. “‘अमुक सदस्य कळवतात की त्यांना विरोधात मत द्यायचं होतं.’ निकाल बदलत नाही, पण एक ओळ छापून येते. इतरांच्या आहेत तशा ओळी. तुमची नाही. मी पुढच्या दोन महिन्यांचे अंक पाहिले.”

“सगळे?”

“चार दिवस सुट्टी होती ना मला.”

तारदिवेलनी टायची गाठ सारखी केली. “प्रतोदाने मला बाजूला घेतलं होतं. म्हणाला, नऊ मतांनी निभावलंय, आता गाजावाजा नको. तुझ्या एका ओळीने रेल्वे वाचणार नाही, सरकारची मात्र अडचण होईल. वित्त समितीत एक जागा रिकामी होतेय, म्हणाला.”

“मिळाली?”

“मिळाली. सात महिने. मग मी निवडणूकच हरलो.” ते खिडकीबाहेर पाहत बोलत होते. “गावात पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी या कलमाच्या विरोधात होतो. ते खरंच होतं. पुढे कधीतरी सांगितलं, विरोधात मत दिलं. कुणीच यादी बघितली नाही. माझ्या विरोधकांनीही नाही, आळशी मेले. मादाम, तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, पण गेल्या बुधवारपर्यंत ते बटण दाबल्याचं मला आठवत होतं. बोटाला जाणवायचं.” त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पाहिली. “चार दिवस मी ते आठवायचा प्रयत्न करतोय. आठवतो तो फलाटच.”

“मी लिहून घेऊ?”

“आणि मी म्हटलं की जुनंच वाक्य ठेवा, तर?”

“तर सिराजला टायपिंग शिकवा.”

तारदिवेलनी मान हलवली. कल्पनाताईंनी रेकॉर्डर चालू केला नाही. लॅपटॉप उघडला. म्हाताऱ्याने सवयीने घसा साफ केला आणि सुरू केलं, “१९८० च्या नोव्हेंबरात, एका बुधवारी रात्री, काही गैरसमजामुळे...”

कल्पनाताईंची बोटं थांबली. “गैरसमज कुणाचा?”

“मला तुमच्या विद्यार्थ्यांची दया येते.”

“त्यांनाही येत असे. कुणाचा?”

तारदिवेलनी पहिल्यापासून सुरुवात केली. पाऊण तास लागला. शेवटी जे उतरलं ते सहा वाक्यांचं होतं. मतदान झालं तेव्हा मी सभागृहात नव्हतो. मी गावात, स्टेशनाच्या फलाटावर होतो आणि विरोधात मत देण्याचं वचन देत होतो. माझं मत माझ्या नावाने दुसऱ्याने कलमाच्या बाजूने नोंदवलं, आणि तेव्हाची रीत तशीच होती. दुसऱ्या दिवशी मी ते एका ओळीत दुरुस्त करू शकलो असतो. समितीतल्या जागेसाठी मी केलं नाही. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं मी तुम्हाला वेगळं सांगत आलो.

कल्पनाताईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा की अर्धविराम यावर वाद झाला. अर्धविराम ठरला. तारदिवेलांचंच बरोबर होतं आणि कल्पनाताईंनी तसं सांगितलं.

क्लेर त्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी आली होती. तिने दारातच उभं राहून वडिलांकडून सहा वाक्यं ऐकली. पर्स खांद्यावरून काढायचीही तिला आठवण राहिली नाही.

“हे प्रकाशनात वाचणार तुम्ही? स्टेशनात? सगळ्यांसमोर?”

“सहावं प्रकरण मीच वाचणार.”

“बाबा, लोक उठून जातील.”

“जातील कुठे?” तारदिवेल म्हणाले. “गाडी तर बंद आहे.”

क्लेर पुढे आली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. असं बसलेलं त्यांना चालत नाही, हे कल्पनाताईंना एव्हाना माहीत होतं. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. कल्पनाताईंनी लॅपटॉप पिशवीत भरला. लाल रेघांचं पान त्या उचलायला गेल्या तर म्हाताऱ्याने त्यावर हात ठेवला.

“हे राहू द्या. पक्षाच्या जुन्या सोबत्यांना दाखवायचंय. दोघं अजून जिवंत आहेत.”

बाहेर फाटकापाशी सिराज नळीने झाडांना पाणी घालत होता. “मॅडम, क्या हुआ? सुलह?”

“सुलह.”

“यल्ला, अच्छा हुआ. चार दिन से सूप वापस आ रहा था.”

संध्याकाळी धनंजय गाल्याहून आले. बूट काढता काढता त्यांनी विचारलं, “काय ठरलं तुमच्या संसदेत?”

“कलम मंजूर. पण सभासदाने दुरुस्ती नोंदवली.”

“म्हणजे तुझी नोकरी शाबूत.”

“शाबूत. आणि हे उद्या छापायला न्या. फक्त दोन पानं आहेत.”

“लाल पेन कुठे ठेवलंयस?” इराने आतून ओरडून विचारलं. “आय मीन, मला पाहिजेय. माझा मराठीचा निबंध चेक करायचाय. तूच करशील का? पण हळू.”

निबंध दीड पानांचा होता. जेवणं होईपर्यंत त्यात एकवीस ठिकाणी रेघा होत्या, पेन्सिलीच्या.

उद्या मंगळवार. मंगळवारी सकाळी तारदिवेलांकडे फिजिओथेरपिस्ट येतो, म्हणून त्या दिवशी काम नऊऐवजी साडेदहाला सुरू होतं. सातवं प्रकरण १९८१ च्या पराभवाचं आहे. कल्पनाताई अल् खुवैरहून दहा वाजून पाच मिनिटांनी निघतील.